पेडण्यातल्या नळाच्या पाण्याचा अभ्यास: घरे कशी निवडावीत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही समाजशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. प्रबंधाचा विषय गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या ग्रामीण कुटुंबांना मिळणारे नळाचे पाणी आणि ते भरण्यात बायकांचा जाणारा वेळ. मार्गदर्शक सरांनी सांगितले आहे की ३८४ कुटुंबे घ्या आणि पद्धत 'स्तरित यादृच्छिक नमुना निवड', म्हणजे आधी गट पाडून प्रत्येक गटातून चिठ्ठीने निवड, अशी लिहा. हाताशी दोन महिने, एक स्कूटर आणि सोबतीला एक मैत्रीण. वर्गातल्या कुणीतरी सुचवले की गूगल फॉर्म करून गावागावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आठवड्यात ३८४ भरतील. आणि तुम्ही विचारले आहे, 'असे केले तर पद्धतीचे नाव काय लिहू?'

पद्धतीचे नाव शेवटी येते. आधी हे ठरते की तुम्हाला कोणाबद्दल बोलायचे आहे, आणि त्यातल्या कुठल्या घरांपर्यंत तुम्ही कधीच पोचणार नाही आहात. पाण्याच्या अभ्यासात हा प्रश्न फार जवळचा आहे. जे घर रस्त्यापासून लांब, चढावर, वाटेच्या शेवटी आहे तिथे सर्वेक्षण करणारी मुलगी पोचत नाही, आणि बहुतेक वेळा पाणीही तिथेच पोचत नाही. म्हणजे निवडीत जी चूक होते ती नेमकी तुम्ही जे मोजायला निघालात त्यालाच जाऊन लागते.

मी डिचोलीची. बावीस वर्षे घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्याचे काम केले. आधी स्वतः प्रश्नावली घेऊन फिरले, नंतर फिरणाऱ्या मुलामुलींना शिकवले. बऱ्याच वर्षांपूर्वी सत्तरीत आम्ही असाच एक अभ्यास केला होता. मुलींना सूचना होती, 'प्रत्येक गावातून वीस घरे, रँडम.' महिन्याभरात फॉर्म आले आणि चित्र इतके छान होते की मला शंका आली. जवळजवळ सगळ्यांच्या घरी नळ, पाणी रोज, तक्रार किरकोळ. मी एकेका गावात जाऊन ती घरे पाहिली. एकूण एक घर बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर होते. वरच्या अंगाचे वाडे, म्हणजे गावातल्या वस्त्या, जिथे बायका उन्हाळ्यात झरीवरून कळशा आणत होत्या, तिथे कोणी गेलेलेच नव्हते. दोष त्या मुलींचा नव्हता. ऊन, चढण, कुत्री आणि संध्याकाळची शेवटची बस असताना कोणीही जवळचे घर धरेल. 'रँडम' म्हणजे वाटेल ते घर, असा अर्थ त्यांच्यापर्यंत माझ्याकडूनच गेला होता. ते सगळे फॉर्म बाजूला ठेवून आम्ही पुन्हा सुरुवात केली.

यादृच्छिक या शब्दात फसायला होते ते इथेच. त्यात 'इच्छा' ऐकू येते, पण निवडीत कोणाचीच इच्छा चालता कामा नये, तुमचीही नाही आणि घरमालकाचीही नाही. प्रत्येक घराला क्रमांक असावा आणि कुठला क्रमांक घ्यायचा ते चिठ्ठीने किंवा यादृच्छिक अंकांच्या तक्त्याने ठरावे. डोळे मिटून बोट ठेवले तरी बोट पानाच्या मध्यावरच पडते.

याचे एक उदाहरण मी शिकवताना नेहमी देते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जगभर मानले गेलेले संख्याशास्त्रज्ञ. १९४०च्या दशकात भातागव्हाचे उत्पादन मोजायला शेतातला छोटा तुकडा निवडून तेवढाच कापून तोलण्याची रीत रूढ होत होती. दुसरे मोठे भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण ते स्वस्त पडत आणि जास्त ठिकाणी घेता येत. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान असला की उत्पादनाचा अंदाज फुगतो. कारण अगदी साधे आहे. तुकड्याच्या कडेवर जी रोपे येतात ती आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात त्यांना आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. कोणी खोटेपणा करत नाही, तरी आकडा चुकतो आणि तो एकाच दिशेने चुकतो. तुमच्या अभ्यासातली 'कड' म्हणजे डांबरी रस्ता.

आता 'कोणाबद्दल' हे ठरवू. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले. तेव्हा 'नळ आहे का' हा प्रश्न विचारून तुम्हाला फारसे काही मिळणार नाही. 'उदक कितलो वेळ येता, आनी कोण भरता' हे विचारायचे आहे. त्यासाठी तुमचे एकक हवे कुटुंब, आणि कुटुंब म्हणजे एक चूल. जनगणनेतही सामायिक स्वयंपाकावरूनच कुटुंब ठरवतात. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारी गावांत एका घरक्रमांकामागे मालकाचे एक आणि मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत चार अशा पाच चुली असू शकतात. मोपा विमानतळाचे काम सुरू झाल्यापासून आतल्या गावांतही अशा खोल्या वाढल्या आहेत. त्या खोल्यांतल्या बायका पाणी कुठून भरतात, हा तुमच्या विषयाचा गाभा असू शकतो. त्यांना वगळायचे असेल तर वगळा, पण ठरवून वगळा आणि तसे लिहा. नकळत वगळले गेले तर निष्कर्ष एका गावाचा आणि शीर्षक दुसऱ्याच गावाचे, असे होते.

दुसरी बाब बंद घरांची. २०११च्या जनगणनेत गोव्यातले सुमारे पाचातले एक घर रिकामे नोंदले गेले होते. कोणी मुंबईला, कोणी आखातात, कोणी लंडनला, कोणाचे घर वाटणीच्या वादात पडून, काही सुट्टीपुरती विकत घेतलेली. ही घरे तुमच्या अभ्यासात येतच नाहीत, कारण तिथे चूल नाही. पण ज्या घराला कुलूप आहे आणि माणसे मात्र कामावर गेली आहेत, ते घर येते. बाहेरून दोन्ही कुलपे सारखीच दिसतात. फरक शेजारीण सांगते, म्हणून यादी करताना तिला विचारा आणि दोन वेगळ्या खुणा ठेवा.

मग यादी कुठली घ्यायची? इथे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि प्रत्येक यादीत खोट आहे. मतदारयादी सहज मिळते, भागवार असते, घरक्रमांकही असतात. पण तिच्यात परदेशी गेलेल्यांची नावे उरतात आणि भाडेकरू बहुधा नसतात. पंचायतीची घरपट्टीची नोंदवही घरे दाखवते, चुली दाखवत नाही. पाण्याच्या बिलांची ग्राहकयादी सर्वांत सोयीची वाटेल, पण तुमच्यासाठी तीच सर्वांत वाईट. ज्याच्या नावावर जोडणी नाही तो त्या यादीत कधीच येणार नाही, आणि तुम्हाला शोधायचा आहे तो नेमका तोच. माझा अनुभव असा की तालुकाभराची परिपूर्ण यादी शोधण्यात महिना घालवू नये. वाड्यांची ढोबळ यादी कागदावरून घ्यावी आणि निवडलेल्या वाड्यांत घरांची यादी स्वतः चालून करावी.

गूगल फॉर्मबद्दल एवढेच. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फॉर्म कोण भरतो? ज्याच्याकडे फोन आहे, वेळ आहे आणि ज्याला या विषयावर काही म्हणायचे आहे. कळशी घेऊन रांगेत उभी असलेली बाई तो भरत नाही. आणि संख्या मोठी झाली म्हणून ही खोट भरून निघत नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रे पाठवून अध्यक्षीय निवडणुकीचा कौल घेतला. तेवीस-चोवीस लाख उत्तरे आली. त्यावरून त्यांनी आल्फ लँडन हे उमेदवार जिंकणार असे छापले, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट साठ टक्क्यांहून अधिक मते घेऊन निवडून आले. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि उत्तर पाठवणारेही त्यातले ठरावीकच. चोवीस लाखांनी जे साधले नाही ते तुमच्या ३८४ फॉर्मनी साधणार नाही. फॉर्म वापरायचाच असेल तर प्रश्नांची भाषा तपासायला वापरा, आणि तशा निवडीला 'सोयीस्कर नमुना' हेच प्रामाणिक नाव आहे.

३८४ हा आकडा कुठून येतो तेही पाहू, कारण तो मंत्रासारखा फिरतो. ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के इकडेतिकडे एवढी चूक चालेल असे धरले, तर ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ आणि उत्तरे निम्मी-निम्मी धरून ०.५ घेतात: १.९६ गुणिले १.९६ गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ गुणिले ०.०५. उत्तर ३८४.१६. नमुना किती मोठा हवा ते सांगणाऱ्या, क्रेजसी आणि मॉर्गन या संशोधकांच्या १९७०च्या तक्त्यातही दहा लाख लोकसंख्येसमोर ३८४ आहे. तुमच्या तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ७६ हजार होती. समजा ग्रामीण भागात आज १६,८०० कुटुंबे धरली, तर त्याच सूत्राने ३७६ येतात. म्हणजे लोकसंख्या लहान झाली तरी आकडा फारसा हलत नाही. पण या सूत्रात एक अट दडलेली आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा १६,८०० घरांची एकच यादी करून त्यातून चिठ्ठ्यांनी घरे काढली जातात. तसे केले तर तुमची घरे तेरेखोलपासून इब्रामपूरपर्यंत एकेक करून विखुरतील आणि स्कूटरचे पेट्रोलच संपेल. प्रत्यक्षात आपण काही वाडे निवडतो आणि प्रत्येक वाड्यातून काही घरे घेतो. याला समूह नमुना म्हणतात. आम्ही कामावर 'क्लस्टर' म्हणतो. आणि क्लस्टर आला की ३८४चा अर्थ बदलतो.

हा भाग जरा सावकाश वाचा, तुमच्या प्रबंधात सर्वांत जास्त उपयोग याचाच होईल.

पाणी घरागणिक येत नाही, लाइनगणिक येते. चांदेलच्या प्रकल्पातून निघालेले पाणी टाकीत येते, पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व फिरवतो आणि एका वाड्याला दीड तास मिळतो, दुसऱ्याला अर्धा. त्यामुळे एका वाड्यातल्या पहिल्या घराने 'सकाळी सहा ते साडेसात' सांगितले की शेजारची घरेही बहुधा तेच सांगणार. विसाव्या घरातून तुम्हाला नवीन काय मिळाले? जवळजवळ काहीच नाही. फॉर्म वीस झाले, माहिती तीन घरांचीच. हा सारखेपणा मोजायला शून्य ते एक असा एक आकडा असतो. शून्य म्हणजे शेजाऱ्यांत काहीच साम्य नाही, एक म्हणजे सगळे अगदी एकसारखे. नमुन्याची ताकद किती पटीने घटते ते असे काढतात: एका वाड्यातून निवडलेल्या घरांची संख्या, वजा एक, गुणिले हा आकडा, अधिक एक.

पाण्यासाठी समजा हा आकडा ०.३ आहे. हे माझे गृहीतक आहे. तुमचा खरा आकडा चार-पाच वाड्यांच्या चाचणीतून अंदाजाने कळेल. आता दोन आराखडे शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात २० वाडे, प्रत्येकी २० घरे, एकूण ४००. घट ६.७ पट, म्हणून ४०० घरांची किंमत सुटी सुटी निवडलेल्या साधारण ६० घरांइतकी. दुसऱ्यात २४ वाडे, प्रत्येकी ८ घरे, एकूण १९२. घट ३.१ पट, किंमत ६२ घरांइतकी. म्हणजे चार वाडे वाढवले आणि घरे निम्म्याहून कमी केली, तरी हाती येणारी माहिती तेवढीच, उलट किंचित जास्त. दोन मुली आणि एक स्कूटर असेल तर मी डोळे झाकून दुसरा आराखडा घेईन.

यातली कडू बाजूही सांगितली पाहिजे. ६२ घरांच्या ताकदीवर टक्केवारी साधारण १२ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. '५५ टक्के कुटुंबांना एक तासापेक्षा कमी पाणी मिळते' असे आले तर 'निम्म्याहून अधिक' असा दावा करता येणार नाही. ७० आले तर करता येईल. पण ४०० घरे घेऊन केलेल्या पहिल्या आराखड्यातही चूक तेवढीच असती. फक्त ती तुम्हाला दिसली नसती, आणि तुम्ही 'पाच टक्के' असे लिहून मोकळ्या झाला असता. सरांशी बोलताना ही आकडेमोड कागदावर घेऊन जा. ३८४ सांगण्यामागे विद्यार्थ्याने फार थोड्यावर भागवू नये ही काळजी असते आणि ती रास्त आहे. विद्यार्थिनीने हिशेब करून मागितले की बहुतेक मार्गदर्शक ऐकतात.

एक सांगायला हवे: सारखेपणा प्रश्नागणिक बदलतो. पाण्याची वेळ वाड्यात एकसारखी असते, पण ते कोण भरते, सून की सासू की मुलगी, हे घरागणिक वेगळे असते. त्या प्रश्नाला आकडा कदाचित ०.०५च असेल, मग घट १.३५ पट आणि तुमची १९२ घरे १४२च्या ताकदीची. म्हणून बायकांच्या वेळेबद्दलचे निष्कर्ष पाण्याच्या तासांच्या निष्कर्षांपेक्षा जास्त ठामपणे मांडता येतील. प्रबंधाचा भर कुठे ठेवायचा हे यावरूनही ठरवता येते.

आता प्रत्यक्ष निवड. पंचायतींकडून किंवा मतदारयादीच्या भागांवरून सगळ्या वाड्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर ढोबळ घरसंख्या लिहा. यादी भूगोलाच्या क्रमाने लावा: केरी, पालये, हरमल, मांद्रे, मोरजी असा किनारा आधी, मग कोरगाव, पार्से, तुये, धारगळचा मधला पट्टा, शेवटी वारखंड, कासारवर्णे, चांदेल, इब्रामपूरकडचा डोंगराळ भाग. घरसंख्येची चढती बेरीज मांडत जा. पहिल्या वाड्यात ४० घरे असतील तर १ ते ४०, दुसऱ्यात १२० असतील तर ४१ ते १६०, असे शेवटपर्यंत. एकूण १६,८०० आले तर भागिले २४, म्हणजे ७००. आता १ ते ७०० मधला एक अंक चिठ्ठीने काढा. समजा ३१८ निघाला. मग ३१८, १०१८, १७१८ अशा प्रत्येकी ७०० च्या उड्या मारत जा. ज्या वाड्याच्या बेरजेत तो अंक पडतो तो वाडा तुमचा. यादी भूगोलाने लावलेली असल्यामुळे किनारा, मधला पट्टा आणि डोंगर तिघांनाही आपापल्या आकाराप्रमाणे वाडे मिळतात. सरांना हवी ती 'स्तरित' निवड यात आपोआप साधते.

मोठ्या वाड्याला निवडले जाण्याची संधी जास्त, मग अन्याय होत नाही का, असे तुम्हाला वाटेल. होत नाही. १२० घरांचा वाडा ४० घरांच्या वाड्याच्या तिप्पट संधीने येतो, पण आल्यावर त्यातली पंधरात एकच चूल निवडली जाते, आणि लहान वाड्यातली पाचात एक. गुणाकार केला की तालुक्यातल्या प्रत्येक कुटुंबाची संधी सारखीच निघते. म्हणून शेवटी सरासरी काढताना वजने लावण्याची, म्हणजे काही घरांची उत्तरे कमी-जास्त पटीने धरण्याची, फारशी गरज पडत नाही. प्रत्यक्ष मोजणीत चुली कागदापेक्षा खूप जास्त निघाल्या, किनाऱ्यावर निघतीलच, तर तेवढ्या वाड्यांना वजन लावावे लागेल. म्हणून कागदावरची आणि मोजलेली, दोन्ही संख्या जपून ठेवा. पट्ट्यापट्ट्यांची तुलना हाच तुमचा मुख्य दावा असेल तर मात्र प्रत्येक पट्ट्याला आठ वाडे वाटून द्या आणि तालुक्याचा आकडा काढताना वजने लावा. दोन्ही एकदम पूर्ण साधत नाही, एक निवडावे लागते.

वाड्यात गेल्यावर आधी कागद-पेन्सिल घेऊन नुसते चाला. नकाशा काढा, प्रत्येक चुलीला क्रमांक द्या, पायवाट जिथे संपते तिथपर्यंत जा आणि तिथून पुढेही एखादे छप्पर दिसते का ते पाहा. वाड्यातली एखादी बाई सोबत घ्या, कारण मागच्या खोल्या आणि कोण कुठे राहायला गेले हे तिला ठाऊक असते. पंच आपुलकीने सोबत येतात आणि चांगल्या घरांत घेऊन जातात. त्यांचे आभार माना, चहा घ्या, पण निवड तुमच्या आकड्यांनीच होऊ द्या. समजा चुली ९६ निघाल्या आणि घरे ८ हवीत, तर १२ ची उडी. १ ते १२ मधून चिठ्ठीने ५ निघाला, तर ५, १७, २९, ४१, ५३, ६५, ७७, ८९. संपले. ७७ क्रमांकाचे घर टेकडीवर असले तरी ७७च. चिठ्ठी शक्यतो मैत्रिणीला काढू द्या आणि यादी तुम्ही करा, म्हणजे नकळतही हात फिरणार नाही.

यादी करण्याचा कंटाळा टाळायला एक जुनी युक्ती आहे: गावाच्या मध्यावर उभे राहायचे, पेन फिरवायचे आणि टोक दाखवेल त्या दिशेने घरे घेत जायचे. लसीकरणाच्या सर्वेक्षणांत ३० समूह, प्रत्येकी ७ मुले या पद्धतीत ही रीत जगभर वापरली गेली. तिच्यात मध्यावरची घरे जास्त येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या पुस्तिकेने तिच्याऐवजी संभाव्यतेवर आधारित, म्हणजे प्रत्येक घराची संधी आधीच ठाऊक असलेली, निवडच सुचवली आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही आधी नकाशा आणि घरयादी होते, मग प्रत्येक समूहातून २२ घरे ठरावीक अंतराने निवडतात आणि घर मिळाले नाही म्हणून शेजारचे घेत नाहीत.

हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. दार बंद दिसले की शेजारच्या घरी जायचा मोह होतो. शेजारी घरात असतो कारण तिथे म्हातारी माणसे आहेत, किंवा बाई नोकरी करत नाही. बंद घरातली बाई साडेसातच्या बसने म्हापशाला जाते, आणि पाणी सहा ते साडेसात येते. तिचा त्रास तुमच्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे आणि तिच्या जागी तुम्ही घरी असणारीला बसवलेत. म्हणून तीन वेळा जा: एकदा सकाळी, एकदा दिवे लागल्यावर, एकदा रविवारी. दुपारी एक ते चार दार वाजवू नका, तेव्हा उठवलेला माणूस नीट उत्तरही देत नाही. तिन्ही वेळा नाही भेटले तर 'भेट झाली नाही' अशी नोंद करा आणि सोडून द्या. १९२ पैकी १६५ मिळाली तर १६५ लिहा. बदली घरांनी भरलेल्या १९२ पेक्षा ती मोलाची आहेत.

घरात कोणाला विचारायचे? पाणी किती वेळ येते ही वस्तुस्थिती आहे, ती जी भरते तिला विचारा. तिथे चिठ्ठी नको. 'तुम्हाला या व्यवस्थेबद्दल काय वाटते' अशा मताच्या प्रश्नाला मात्र घरातल्या प्रौढ बायकांतून निवड करावी लागते, नाहीतर सगळीकडे सासूच बोलते. ज्या बाईचा वाढदिवस सर्वांत आधी येणार आहे तिला विचारणे, ही सोपी रीत पुरते.

इथवरचे थोडक्यात: कुटुंब म्हणजे चूल, २४ वाडे आकाराच्या प्रमाणात, प्रत्येकी ८ घरे चालून केलेल्या यादीवरून, बदली घर नाही, तीन भेटी. एका दिवसाला एक वाडा धरला तर सकाळी यादी, संध्याकाळी मुलाखती असे २४ दिवस, आणि राहिलेल्या घरांसाठी दहा-बारा दिवस. दोन महिन्यांत बसते.

वेळेचाही नमुना असतो, हे विसरायला होते. मे महिन्यातले पेडणे आणि ऑगस्टमधले पेडणे पाण्याच्या बाबतीत दोन वेगळे तालुके आहेत. तुमचे दोन महिने एप्रिल-मे असतील तर शीर्षकात 'उन्हाळ्यातील' हा शब्द घाला. शिवाय वाड्यांचा क्रमही चिठ्ठ्यांनी ठरवा. किनारा जवळ म्हणून सगळा पहिल्या आठवड्यात आणि डोंगर सगळा शेवटी असे केलेत, तर मधल्या काळात पडलेल्या एका वळवाच्या पावसाने तुमची सगळी तुलना बिघडते. चतुर्थीच्या आणि गावच्या जत्रेच्या दिवसांत जाऊ नका. घरात पाहुणे असतात, पाण्याचा वापरही नेहमीचा नसतो.

पाणी सोडणारा माणूस, टँकर चालवणारा, बचतगटाची जुनी अध्यक्ष यांच्याशीही बोला. त्यांना चिठ्ठीने निवडायचे नसते. ज्याला माहीत आहे त्यालाच गाठायचे असते. याला सहेतुक निवड म्हणतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त त्यांच्या बोलण्यावरून टक्केवारी काढू नका.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न, प्रकरणात काय लिहू. साधारण असे: 'पेडणे तालुक्यातील ग्रामीण कुटुंबांमधून दोन टप्प्यांचा समूह नमुना निवडण्यात आला. पहिल्या टप्प्यात भौगोलिक क्रमाने लावलेल्या यादीतून २४ वाडे घरसंख्येच्या प्रमाणात क्रमबद्ध पद्धतीने निवडले. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक वाड्यात चुलींची प्रत्यक्ष यादी करून यादृच्छिक आरंभासह ठरावीक अंतराने ८ कुटुंबे निवडली. निवडलेल्या कुटुंबाऐवजी दुसरे कुटुंब घेतले नाही. भेट न झालेल्या आणि नकार दिलेल्या कुटुंबांची संख्या वाडानिहाय तक्त्यात दिली आहे.' चुकीची मर्यादा लिहिताना वाड्यांतला सारखेपणा धरूनच लिहा.

चढत्या बेरजेचे पान, चिठ्ठीने निघालेले अंक आणि चोवीसही वाड्यांचे हाताने काढलेले नकाशे परिशिष्टात लावा. नकाशांवरची कुटुंबांची नावे मात्र खोडून टाका, क्रमांक पुरेत. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक बहुधा पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच 'ही घरे निवडली कशी' असे विचारतात. तेव्हा ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवा.